गळके छत आणि तोंडी व्यवहार

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील अनेक घरांत दरवर्षी एकच दृश्य दिसते. मे महिन्यात गच्चीवर नवा कोबा घालून घेतलेला असतो. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचललेली असते किंवा पतपेढीचे कर्ज काढलेले असते. 'दहा वर्षे पाहायला नको' अशी ग्वाही मिस्त्रीने दिलेली असते. आणि पहिल्याच आठवड्यात छताच्या कोपऱ्यात ओलीचा एक लहानसा डाग उमटतो. तो दिवसागणिक वाढत जातो. नव्या रंगाचे पोपडे सुटू लागतात आणि घरातील बादल्या-पातेल्यांना दिवाणखान्यात जागा मिळते. गृहस्थ मिस्त्रीला दूरध्वनी करतो. पहिल्या दिवशी 'उद्या येतो' असे उत्तर मिळते, दुसऱ्या दिवशी 'पाऊस थांबल्याशिवाय काही करता येणार नाही' असे सांगितले जाते आणि तिसऱ्या दिवसापासून पलीकडून आवाजच येत नाही.

या प्रश्नाची चर्चा विधिमंडळात होत नाही आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यात त्याला स्थान मिळत नाही. परंतु ठरावीक पगारावर संसार चालविणाऱ्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या आयुष्यात राहत्या घराची दुरुस्ती हा लग्नकार्याखालोखाल मोठा खर्च असतो. तो फसला, तर पुन्हा उभा करण्याची ताकद त्याच्यात नसते. शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाही. भिंतीतील ओल विजेच्या नळीत शिरली, भूजोडणी न करताच स्नानगृहात पाणी तापविण्याचे यंत्र बसविले, सज्जाच्या सळ्या गंजत राहिल्या, तर निकृष्ट कामाची किंमत जिवाने मोजावी लागते. घराघरांत स्वतंत्रपणे सोसला जातो म्हणून हा प्रश्न लहान भासतो. सगळ्या घरांची बेरीज केली तर तो लहान नाही.

अशा प्रसंगी समाजाच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे 'हल्ली कारागीरच उरले नाहीत, सगळे लुटारू आहेत' असे म्हणून एका संपूर्ण वर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे. दुसरी म्हणजे 'आपले नशीब' म्हणून दुसरा मिस्त्री बोलवायचा आणि त्याच्याशीही पहिल्यासारखाच तोंडी व्यवहार करायचा. या दोन्ही प्रतिक्रियांनी आजवर एकही गळती थांबलेली नाही. राग व्यक्त केल्याचे समाधान पहिलीतून मिळते आणि सोशिकपणाचे दुसरीतून. परंतु दोष नेमका कोठे आहे, याचा शोध दोन्हींत घेतला जात नाही.

घरदुरुस्तीच्या कामाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. भाजी, कापड किंवा पुस्तक विकत घेताना वस्तू आधी पाहता येते आणि पैसे नंतर दिले जातात. गवंड्याच्या, नळकारागिराच्या किंवा वायरमनच्या कामात जे महत्त्वाचे असते, ते काम पूर्ण होताच झाकले जाते. फरशीखाली जलरोधक थर किती जाडीचा आहे, गिलाव्यात सिमेंट किती पडले, भिंतीतील तार योग्य जाडीची आहे की नाही, हे अखेरचे पैसे देतेवेळी डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो वरचा रंग आणि चकचकीत फरशी. म्हणजे ग्राहक ज्याचे पैसे देतो, ते त्याला दिसत नाही आणि जे दिसते, त्यावरून कामाची परीक्षा होत नाही. दोष उघड होतो तो पाऊस पडल्यावर. तोपर्यंत मिस्त्री चौथ्या घराच्या कामावर गेलेला असतो.

तथापि हे झाकले जाणारे काम तपासताच येत नाही, असे मुळीच नाही. ते टप्प्याटप्प्याने, झाकण्यापूर्वी तपासावे लागते. स्नानगृहात फरशी बसविण्याआधी पाणी जाण्याचे तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवले आणि खालच्या मजल्यावरील छत कोरडे राहिले, तर जलरोधक थर नीट झाला, असे समजावे. गच्चीवर बादलीभर पाणी ओतले आणि ते पन्हाळीकडे न जाता मध्येच साचून राहिले, तर ढाळ चुकला, हे सांगायला अभियंत्याची गरज नाही. बसविलेल्या फरशीवर हलकेच ठोकून पाहिले असता पोकळ आवाज आला, तर तिच्याखाली मसाला भरलेला नाही. गिलाव्यावर आणि कोब्यावर किमान सात दिवस पाणी मारले गेले पाहिजे. ते न मारल्यास सिमेंटला पुरेसे बळ येत नाही आणि भेगा पडतात. भिंत बंद करण्यापूर्वी तारांची आणि नळांची छायाचित्रे काढून ठेवणे तर आता प्रत्येकाच्या खिशातील यंत्राने शक्य झाले आहे. या गोष्टी कोणत्याही शाळकरी मुलाला समजतील अशा आहेत. परंतु दहावीच्या विज्ञानात शंभर गुणांपर्यंत मजल मारणारा विद्यार्थी स्वतःच्या घरातील गिलाव्यावर पाणी का मारतात, हे सांगू शकेल याची खात्री देता येत नाही.

ग्राहकाच्या बाजूचा दुसरा दोष व्यवहाराच्या पद्धतीत आहे. सोने घेताना पावती मागणारा गृहस्थ दीड-दोन लाखांचे काम मात्र 'ओळखीतला माणूस आहे' एवढ्यावर सोपवितो. दर काय ठरला, त्यात माल कोणाचा, कोणत्या प्रतीचा, काम किती दिवसांत संपणार, गळती झाल्यास कोण निस्तरणार, यांपैकी एकही गोष्ट कागदावर नसते. चार मिस्त्रींचे दर विचारले जातात आणि त्यांतील सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला आणखी खाली खेचले जाते. उक्त्या कामाचा दर असा खाली आला, म्हणजे मिस्त्री आपला तोटा दोनच ठिकाणी भरून काढू शकतो. एक सिमेंटमध्ये आणि दुसरे दिवसांत. या दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या आधी कापल्या जातात. घासाघीस करून वाचविलेले दहा हजार रुपये ग्राहकाने स्वतःच्याच छतातून वाचविलेले असतात, हे त्याला पावसाळ्यात समजते.

कारागिराची बाजूही तितकीच समजून घेतली पाहिजे. सकाळी आठ वाजता शहराच्या मजूर नाक्यावर थापी आणि रंधा घेऊन उभा असलेला माणूस गवंडीकाम कोठे शिकला, असे विचारले, तर 'बिगारी म्हणून लागलो, पाहून पाहून शिकलो' हे उत्तर बहुधा मिळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कारागिरांना प्रशिक्षण देण्याची योजना १९५० साली सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. परंतु घरोघरी दुरुस्तीचे काम करणारा गवंडी, रंगारी किंवा फरशीवाला या दोन्हींच्या छायेत क्वचितच आला. ज्याच्याकडे चांगले काम केल्याचा कोणताही दाखला नाही आणि वाईट काम केल्याची कोठेही नोंद नाही, त्याने चांगले काम का करावे, या प्रश्नाला केवळ त्याची स्वतःची सचोटी हेच उत्तर उरते. अनेक कारागीर त्या सचोटीने काम करतात, ही त्यांची थोरवी आहे, व्यवस्थेची नव्हे.

त्यातच मध्ये एक ठेकेदार असतो. काम तो घेतो, प्रत्यक्ष करतो दुसराच. चौरस फुटाला ठरलेल्या दरातील काही भाग वरच्या वर कापला जातो आणि उरलेल्या पैशांत काम उरकण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडते, तो दोन घरांची कामे एकाच वेळी धरतो. कारण पुढच्या महिन्यात काम मिळेल याची शाश्वती त्याला नसते. कायद्यानेही त्याची फारशी दखल घेतलेली नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने जो कायदा केला, त्यातून स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम करवून घेणाऱ्या व्यक्तीला वगळण्यात आले होते. म्हणजे मोठ्या इमारतीच्या पायाडावर उभ्या असलेल्या कामगारासाठी काही तरतूद झाली, परंतु मध्यमवर्गीयाच्या गच्चीवर कोबा घालणारा तिच्या कडेलाच राहिला. आणि हेही नमूद केले पाहिजे, की फसवणूक एकतर्फी नसते. काम चोख झाल्यावरही काहीतरी खुसपट काढून अखेरचे पाच हजार रुपये बुडविणारे सुशिक्षित गृहस्थ प्रत्येक पेठेत आहेत. त्यांच्याविरुद्ध मिस्त्रीने कोठे दाद मागायची?

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. गावगाड्यात सुतार-लोहार यांचे आणि कुणब्याचे नाते पिढ्यान् पिढ्यांचे होते. नांगर मोडला तर सुताराला तोंड चुकविता येत नसे, कारण खळ्यावरील त्याचे बलुते त्याच कुणब्याकडून यायचे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने वर्णिलेली आहे. परंतु ती जातीच्या खुंटीला बांधलेली होती. सुताराच्या मुलाला सुतारच व्हावे लागे आणि बलुते किती मिळावे हे त्याच्या हाती नसे. ती व्यवस्था गेली याचा खेद करण्याचे कारण नाही. खेद याचा करावा, की तिच्यातील ओळखीचा धाक गेला आणि त्याच्या जागी कराराचा धाक आला नाही. शहरातील माणूस आणि मिस्त्री एकमेकांना अनोळखी असतात. तरीही व्यवहार मात्र अजून गावकीतल्यासारखा तोंडी चालतो.

कराराची जागा घेणारे कायदे नाहीत, असे नव्हे. ग्राहकांच्या चळवळीला महाराष्ट्रात संघटित रूप १९७४ साली आले. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. तो रद्द करून केलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. या कायद्यात केवळ वस्तूतील दोष नव्हे, तर मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील उणीवही तक्रारीचे कारण ठरते. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ सालीच स्पष्ट केले. त्यामुळे मोबदला घेऊन केलेले गच्चीचे, स्नानगृहाचे किंवा वायरिंगचे निकृष्ट काम या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

या कायद्याची दारे सामान्य माणसाला बंद नाहीत. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगापुढे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे जाता येते. वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता केंद्राचा सल्ला घेता येतो आणि आयोगामार्फत मध्यस्थीने तडजोड करण्याची सोयही २०१९ च्या कायद्याने केली आहे.

परंतु दार उघडे असले, तरी आत जाण्यासाठी हातात काहीतरी कागद लागतो आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. मिस्त्रीचे पूर्ण नाव आणि पत्ताही ठाऊक नसतो. दूरध्वनीच्या यादीत 'फरशीवाले' एवढीच नोंद असते. कर वाचविण्याच्या हिशेबाने बिल घेतलेले नसते. रोखीने दिलेल्या पैशांचा पुरावा नसतो. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 'वैयक्तिक सेवेचा करार' या कायद्यातून वगळलेला आहे. काम उक्ते दिले, तर करणारा हा सेवा देणारा ठरतो. परंतु ग्राहकाने स्वतः माल आणून, स्वतः देखरेख करून गवंड्याला रोजावर लावले, तर तो मालक आणि गवंडी त्याचा नोकर, असा युक्तिवाद पुढे येण्याची शक्यता असते. उक्ते की रोजावर, हा प्रश्न केवळ खर्चाचा नसून जबाबदारीचाही आहे.

कायद्याची स्वतःची मर्यादाही मान्य केली पाहिजे. विरुद्ध पक्षाला नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत तक्रार निकालात निघावी, अशी अपेक्षा कायद्यात नमूद आहे. आयोगांची दारे झिजविलेल्यांना ती अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतर माहीत आहे. वीस हजारांच्या कामासाठी रजा टाकून तारखांना जाणे कोणत्याही कारकुनाला परवडत नाही. निकाल बाजूने लागला, तरी ज्याचा पत्ता बदलला आहे, अशा मिस्त्रीकडून रक्कम वसूल होणे दुरापास्त असते. यास्तव हा कायदा म्हणजे अखेरचा उपाय समजला पाहिजे. पहिला उपाय कामाच्या आधी करावयाचा असतो.

येथे दोन नमुने उपयोगी पडण्यासारखे आहेत. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने विकासकावर एक स्पष्ट बंधन घातले. घराचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळून तो निदर्शनास आणून दिला, तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून दिला पाहिजे. 'कारागिरीतील दोष' या शब्दाला तेथे कायद्यात जागा मिळाली. दुसरा नमुना सरकारी कामांचा आहे. सार्वजनिक बांधकामाच्या ठेक्यात ठेकेदाराची काही रक्कम सुरक्षा ठेव म्हणून राखून ठेवतात आणि दोषदायित्वाचा काळ संपल्यावर ती परत करतात. शासन आपल्या भिंतींबाबत जी काळजी घेते, ती नागरिकाने आपल्या भिंतीबाबत का घेऊ नये?

ही काळजी एका पानात मावते. काम कोणते, माल कोणत्या प्रतीचा आणि कोणी आणायचा, मुदत किती, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, पाण्याची चाचणी केव्हा घ्यायची, हे त्या पानावर साध्या मराठीत असावे. एकूण रकमेचा दहावा भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवला जाईल आणि गळती झाली नाही, तर ठरलेल्या दिवशी तो न मागता दिला जाईल, हेही त्यात असावे. दोन्ही बाजूंच्या सह्या, पत्ते आणि पैसे बँकेमार्फत दिल्याची नोंद असली, म्हणजे पुढील निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. उद्भवलेच, तर आरडाओरड न करता दोषाची छायाचित्रे काढावीत, मिस्त्रीला लेखी कळवावे, दुरुस्तीची वाजवी संधी आणि मुदत द्यावी. त्याने दाद दिली नाही, तर एखाद्या तटस्थ अभियंत्याचे लेखी मत घ्यावे आणि मगच दुसऱ्याकडून काम करवून घ्यावे. रागाच्या भरात आधी सगळे उकरून टाकणारा गृहस्थ आपला पुरावाच उकरून टाकतो.

एकट्याने असा कागद पुढे करण्यास संकोच वाटतो आणि मिस्त्रीलाही तो अविश्वासाचा वाटतो, हे खरे आहे. म्हणूनच हे काम संस्थांनी अंगावर घेतले पाहिजे. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था घरदुरुस्तीसाठी कर्ज देतात; कर्जाच्या अर्जाबरोबर कराराचा छापील नमुना देणे त्यांना सहज शक्य आहे. गृहनिर्माण संस्थांनी आपल्या आवारात काम केलेल्या कारागिरांची नोंदवही ठेवावी आणि तीत तक्रारींइतकीच चोख कामाचीही नोंद करावी. तंत्रनिकेतनांतील आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना माफक शुल्कात पाण्याच्या चाचण्या घेण्याचे काम दिले, तर त्यांचे शिक्षणही होईल. नगरपालिकांच्या प्रभाग कार्यालयांत लहान रकमांचे तंटे मिटविण्यासाठी महिन्यातून एक दिवस मध्यस्थांची बैठक भरली, तर ज्याचे पाच हजार बुडाले आहेत, त्या मिस्त्रीलाही तेथे बसता येईल. तसे झाले तरच ही व्यवस्था न्याय्य म्हणता येईल.

भिंत सरळ आली की नाही, हे जाणता गवंडीसुद्धा नुसत्या नजरेने ठरवीत नाही. तो ओळंबा सोडतो. तसे करण्यात स्वतःच्या कौशल्याचा अपमान झाला, असे त्याला वाटत नाही, कारण थर चढल्यावर चूक सुधारता येत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. लेखी कराराकडे दोन्ही बाजूंनी त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्यांच्या छतातून यंदा पाणी आले आहे, त्यांना हा पावसाळा बादल्या मांडूनच काढावा लागेल. परंतु पुढच्या मे महिन्यात मिस्त्रीला बोलावताना दराच्या आधी कागद काढला, तर निदान तोच डाग त्याच कोपऱ्यात पुन्हा पाहण्याची पाळी येणार नाही.